तिसऱ्या भेटीला थांबा: जनरल प्रॅक्टिसमध्ये कॅन्सर ओळखणं आणि उपचारानंतर पेशंट सांभाळणं

प्रश्न: तालुक्याच्या गावी दोन वर्षांपूर्वी दवाखाना सुरू केला. दिवसाला सत्तर-ऐंशी पेशंट होतात. गेल्या महिन्यात माझ्याकडून एक कॅन्सर उशिरा सापडला, तेव्हापासून प्रत्येक खोकल्याची धास्ती वाटते. इंग्लंड-डेन्मार्कमध्ये जनरल प्रॅक्टिसमधल्या निदानावर झालेलं संशोधन आपल्याकडे कितपत लागू पडतं? आणि मुंबईहून उपचार घेऊन परत आलेल्या पेशंटचं पुढे आपण काय करायचं?

उत्तर:

डॉक्टर, उशिरा सापडलेल्या केसबद्दल तुम्ही स्वतःहून लिहिलंत, म्हणून मीही आधी माझीच एक सांगतो.

साठीच्या आसपासचे एक गृहस्थ. धान्याचं दुकान, आयुष्यभर पोती उचललेली. पाठ दुखते म्हणून आले. पोती उचलणाऱ्याची पाठ दुखणारच, असं म्हणून मी गोळ्या आणि मलम दिलं. पंधरा दिवसांनी परत आले, इंजेक्शन दिलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा एक्स-रे काढला. ‘मणक्यांची झीज’ असा रिपोर्ट आला, त्या वयात तो बहुतेकांचा येतो. चौथ्या वेळी त्यांची बायको बरोबर होती. ती म्हणाली, "डॉक्टर, रात्री कुशीवर वळताना कण्हतात, आणि हल्ली जिना चढताना दम लागतो." तेव्हा मी पहिल्यांदा त्यांची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरीफटक. हिमोग्लोबिन साडेसात, ईएसआर (आत काही बिघडलंय का ते सुचवणारी रक्ताची चाचणी) शंभराच्या वर. मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींचा कॅन्सर, निघाला. अडीच महिने गेले होते, आणि आधीच्या तिन्ही वेळा मी फक्त त्यांची पाठ पाहिली होती.

नंतर २०१२ साली इंग्लंडमधला एक अभ्यास माझ्या वाचनात आला. लिराट्झोपोलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या राष्ट्रीय पेशंट-सर्वेक्षणातून एक साधी गोष्ट मोजली होती: हॉस्पिटलला पाठवलं जाण्याआधी पेशंटला आपल्या जनरल प्रॅक्टिशनरकडे किती खेटे घालावे लागले? स्तनाच्या कॅन्सरमध्ये तीन किंवा अधिक खेटे घालावे लागलेल्या बायका शंभरात सातच्या आसपास होत्या. मायलोमात मात्र निम्म्या पेशंटना तीनदा किंवा जास्त वेळा जावं लागलं होतं. डॉक्टर तेच, यंत्रणा तीच; फरक आजारात आहे. स्तनातली गाठ हाताला लागते, स्वतःचं नाव सांगते. मायलोमा पाठदुखी, थकवा, ॲनिमिया अशा रोजच्या तक्रारींत मिसळून येतो. हे वाचून माझी चूक धुऊन निघाली नाही. पण चूक नेमकी कुठे झाली ते कळलं. पहिल्या भेटीला निदान झालं नाही ही चूक नव्हती. तिसऱ्या भेटीलाही मी पहिल्या भेटीसारखाच वागलो, ही होती.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर इथेच आहे, बाकी सगळा त्याचा विस्तार. आपल्या हातात एमआरआय नाही, बायोप्सी नाही. आपल्या हातात एकच गोष्ट अशी आहे जी मोठ्या हॉस्पिटलकडे नाही: तोच माणूस, तीच तक्रार घेऊन, परत आपल्याच दारात येतो. त्या परत येण्याची नोंद ठेवली आणि त्याला किंमत दिली, तर जनरल प्रॅक्टिसमधले बरेचसे उशीर टळतात.

आता खोकल्याची धास्ती. इंग्लंडच्या एक्सिटरमध्ये विल्यम हॅमिल्टन यांनी २००५ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या २४७ पेशंटच्या जुन्या नोंदी काढल्या आणि त्याच वयाच्या, त्याच दवाखान्यांतल्या, कॅन्सर नसलेल्या १२३५ लोकांशी ताडून पाहिल्या. सगळे चाळिशीच्या पुढचे. खोकला घेऊन आलेल्या हजार जणांमागे कॅन्सर निघण्याची शक्यता साधारण चार जणांची. थुंकीतून रक्त आलं, तर हजारात चोवीस. म्हणजे रक्त पडलं तरी शंभरातल्या सत्त्याण्णवांहून अधिक जणांना कॅन्सर नसतो. धास्ती घ्यावी असा हा आकडा नाही. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती: तीच तक्रार दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आली, की शक्यता चढत जाते. आणि दोन बारीक तक्रारी एकत्र आल्या, म्हणजे खोकल्याबरोबर वजन उतरलं, भूक गेली, तर एकट्या खोकल्यापेक्षा आकडा बराच वर जातो. अशाच अभ्यासांच्या आधारावर डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१५ मध्ये ठरवलं, की शक्यता तीन टक्के असली तरी तातडीने तपासणीला पाठवायचं. आधी हा उंबरठा पाच टक्क्यांच्या आसपास होता.

हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावू नका. आपल्याकडे थुंकीतून रक्त येण्याचं कारण म्हणून टीबी कितीतरी पुढे आहे, त्यामुळे तुमच्या दवाखान्यातला टक्का वेगळा असणार. पद्धत मात्र लागू पडते, आणि टीबीमुळेच ती आपल्याला जास्त लागू पडते. आपल्या देशात फुप्फुसाच्या कॅन्सरला होणारा सगळ्यात ओळखीचा उशीर हाच: एक्स-रेवर डाग, खोकला, वजन कमी, म्हणजे टीबी, आणि जंतू सापडलेले नसतानाही टीबीची औषधं सुरू. मग दोन महिने "औषध लागू पडायला वेळ लागतो" म्हणून जातात. टीबीचं औषध पुराव्याशिवाय सुरूच करू नये, असा आग्रह मी धरणार नाही. काही वेळा करावं लागतं. पण थुंकी सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या चाचणीला, गेली पाहिजे. ती निगेटिव्ह आली आणि पेशंट पन्नाशीपुढचा, विडी ओढणारा असेल, तर औषध सुरू करताना त्याच कागदावर पुढच्या एक्स-रेची तारीख घाला. त्या तारखेला डाग कमी झाला नसेल तर औषध बदलत बसू नका, सीटी करायला पाठवा. न्यूमोनियाचंही तेच. ताप उतरला, पेशंट खूश, आपण खूश. पण पन्नाशीपुढच्या तंबाखू-विडीवाल्याचा एक्स-रे सहा आठवड्यांनी परत काढायचाच. आणखी एक लक्षात असू द्या: साधा छातीचा एक्स-रे फुप्फुसाच्या कॅन्सरच्या साधारण पाचातल्या एका पेशंटमध्ये नॉर्मल दिसतो. तक्रार चालूच असेल तर ‘एक्स-रे नॉर्मल’ या दोन शब्दांवर विसंबू नका.

सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद आपण रोज बघतो. हिमोग्लोबिन पाहिलं, पांढऱ्या पेशी पाहिल्या, की कागद बाजूला. प्लेटलेट कमी असल्या तर डेंग्यूच्या भीतीने सगळे दचकतात. जास्त असल्या तर कुणी विचारत नाही. एक्सिटरच्याच गटाने २०१७ मध्ये सुमारे चाळीस हजार लोकांच्या नोंदींवरून दाखवलं, की चाळिशीपुढच्या ज्यांच्या प्लेटलेट चार लाखांच्या वर होत्या, त्यांच्यापैकी पुरुषांत साडेअकरा टक्क्यांना आणि बायकांत सहा टक्क्यांना वर्षभरात कॅन्सर निघाला. नॉर्मल प्लेटलेटवाल्यांत हेच प्रमाण चार आणि दोन टक्के होतं. आपल्याकडे लोहाची कमतरता आणि जुनाट जंतुसंसर्ग यांनीही प्लेटलेट वाढतात आणि त्यांचे पेशंट भरपूर, त्यामुळे आपल्याकडचा टक्का कमीच निघेल असं मला वाटतं. तरी चाळिशीपुढच्या माणसात चार लाखांवर आकडा दिसला की मी तीन प्रश्न विचारतो: वजन उतरलं का, भूक कशी आहे, शौचाच्या सवयीत काही बदल? आणि महिन्याने सीबीसी परत. तसंच पुरुषाला, किंवा पाळी गेलेल्या बाईला लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असेल, तर लोहाच्या गोळ्या लिहून मोकळं व्हायचं नाही. रक्त कुठून जातंय ते शोधायचं, कारण पाळी त्याचं उत्तर असू शकत नाही.

डेन्मार्कचं तुम्ही विचारलंत. तिथल्या आरहूस शहरातल्या संशोधकांना दिसलं, की कॅन्सरच्या पेशंटपैकी जेमतेम निम्मे पहिल्यांदा धोक्याची ठळक खूण घेऊन येतात. बाकीचे ‘बरं वाटत नाही’, ‘थकवा येतो’ असलं काहीतरी सांगत येतात. म्हणून त्यांनी तीन वाटा केल्या. ठळक खूण असेल तर ठरावीक मुदतीचा जलद मार्ग. खूण धड सांगता येत नाही पण डॉक्टरच्या मनात पाल चुकचुकते, अशांसाठी निदान केंद्र. आणि बाकीच्यांसाठी जनरल प्रॅक्टिशनरला सरळ सोनोग्राफी, सीटी किंवा एंडोस्कोपी सांगता येईल अशी सोय. त्यातल्या तिसऱ्या वाटेबद्दल मी म्हणेन की ती आपल्याकडे त्यांच्याहून सोपी आहे. तालुक्याच्या गावी सोनोग्राफी त्याच दिवशी होते. आपली अडचण आहे पैशाची, आणि रिपोर्ट आल्यावर तो पेशंट परत आपल्याकडे येईल याची खात्री नसण्याची.

त्यासाठी माझ्याकडे एक वही आहे. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. मायलोमाच्या त्या केसनंतर सुरू केली. ज्याची तक्रार मला पटलेली नाही, ज्याचा रिपोर्ट यायचा आहे, ज्याला पुढे पाठवलंय, त्याचं नाव, फोन, एका ओळीत कारण आणि परत यायची तारीख. फोन शक्यतो सुनेचा किंवा मुलीचा घेतो, तो उचलला जातो. शनिवारी दुपारी सिस्टर वही घेऊन बसतात आणि तारीख उलटून गेलेल्यांना फोन लावतात. आणि पेशंटला मी मोघम "बरं नाही वाटलं तर या" असं सांगत नाही. सांगतो: "काका, पंधरा दिवसांत आवाज सुटला नाही तर एकवीस तारखेला या. बरं वाटलं तरी या, मला घसा बघायचाय." ‘बरं वाटलं तरी या’ हे चार शब्द महत्त्वाचे. एरवी लोकांना वाटतं, डॉक्टरने औषध दिलं, गुण आला नाही, आता दुसरा डॉक्टर बघू. दुसऱ्याकडे गेला की त्याच्या भेटी पुन्हा एकपासून सुरू होतात. तिसऱ्या भेटीचा अर्थ कुणालाच लागत नाही. आपल्या समाजात डॉक्टर बदलण्याची सवय हा उशिराचा फार मोठा भाग आहे, आणि त्यावर इंग्लंडचं संशोधन उपयोगाचं नाही, कारण तिथे प्रत्येक माणूस एकाच दवाखान्यात नोंदलेला असतो.

तोंडाचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या पुरुषांत हाच पुढे आहे, आणि हा एक कॅन्सर असा की जो बघायला टॉर्चशिवाय काही लागत नाही. तंबाखू, मावा, गुटखा, विडी यांपैकी काहीही चालू असेल, मग तो तापासाठी आलेला असो की टाके काढायला, तोंड उघडायला सांगा. तंबाखूचा बार कुठे धरतोस, ते विचारा आणि तीच जागा ताणून बघा. बहुतेक वेळा खालच्या दाढांशेजारी गालाच्या आत. जीभ बाहेर काढून फडक्याने धरून दोन्ही कडा बघा, मग जीभ टाळूला लावायला सांगून खालची जागा. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या हिरड्या बघा. पेशंटला त्याचीच तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगा. दोनच जात असतील, तिखट झोंबत असेल, गालाचा आतला भाग पांढुरका आणि कडक लागत असेल, तर तोंड आखडायला लागलंय आणि तो आयुष्यभर तुमच्या वहीत राहणार. तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, लाल किंवा पांढरा चट्टा, हलायला लागलेला एखादाच दात यांना बी-कॉम्प्लेक्स आणि जेल लिहिणं बंद करा. दाताची धार टोचत असेल तर दंतवैद्याकडून ती घासून घ्या आणि दोन आठवड्यांनी बघा. तरी आहे तशीच जागा असेल तर बायोप्सी. केरळमध्ये तिरुवनंतपुरमला आरोग्यसेविकांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली, आणि तंबाखू-दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. शिकवलेल्या सेविकेला जे दिसतं, ते आपल्याला दिसायलाच हवं.

बायकांच्या बाबतीत तर आपण परदेशाकडे बघायची गरजच नाही, कारण जगात मानलं गेलेलं काम आपल्याच मातीत झालंय. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं. कॅन्सर झालेला माणूस हॉस्पिटलपर्यंत पोचतच नसेल तर हॉस्पिटलची नोंद काय कामाची, म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव फिरली, बायकांशी बोलली, लक्षणं सांगितली, तपासणीला घेऊन आली. त्या नुसत्या बोलण्याने गर्भाशयमुखाचे कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडू लागले. पुढे १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ५२ गावगटांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा मोठा अभ्यास झाला, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि टाटा मेमोरियल मिळून. एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण होणारा विषाणू) चाचणी आयुष्यात एकदाच केली गेली त्या गटात आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. चाचणी न मिळालेल्या गटात ६४. मुंबईच्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या बायकांना काही आठवडे शिकवून त्यांच्याकडून नुसतं व्हिनेगरसारखं ॲसिटिक ॲसिड लावून बघण्याची तपासणी करवली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. या अभ्यासांत तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी दिली गेली नाही, त्यावर नंतर टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते. त्या बायकांच्या जिवावर जे कळलं, ते निदान वापरलं तरी जावं. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, देशात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधी झालेल्या बायका दोन टक्क्यांच्याही आत होत्या. मला याचा राग येतो, अजूनही.

म्हणून तुमच्या दवाखान्यात एवढं करा. तीस वर्षांपुढची बाई कुठल्याही कारणाने आली, की एकदा विचारा: तपासणी झालीये का? झाली नसेल तर उपकेंद्रात किंवा जिल्ह्याला कुठे होते ते चिठ्ठीवर लिहून द्या. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर अंगावरून एकदा जरी लाल गेलं, तरी ते ‘उष्णतेचं’ नाही. संबंधांनंतर रक्त जातं, हे बाई आपणहून सांगत नाही, तिला विचारावं लागतं. शक्यतो सिस्टरनी, आणि सासू बाहेर असताना. आणि अंगावरून पांढरं जातं म्हणून पिशवी काढायला निघालेली बाई तुमच्याकडे फिटनेसला आली, तर सही करण्याआधी गर्भाशयमुख तपासल्याचा कागद मागा. आत कॅन्सर असताना साधी पिशवी काढली, तर पुढचा उपचार अवघड होऊन बसतो.

स्तनातल्या गाठीबाबत एकच सांगतो. गाठ दुखत नाही म्हणून बाई निर्धास्त असते, आणि आपण हात लावून बघत नाही. मुंबईत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक बायकांवर वीस वर्षं चाललेल्या अभ्यासात नुसत्या हाताच्या तपासणीने कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडले, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात असा फायदा दिसला नाही. गाठ लागली की "छोटीच आहे, भूल देऊन काढून टाकू" असं म्हणणाऱ्याकडे पाठवू नका. आधी सोनोमॅमोग्राफी (स्तनाची सोनोग्राफी आणि एक्स-रे), मग सुईने तुकडा, मग ऑपरेशन. हा क्रम उलटला की टप्पा कळत नाही, आणि पुढचा सर्जन अंदाजावर काम करतो.

पाठवताना चिठ्ठी नीट लिहा. ‘टू फिजिशियन, प्लीज सी’ ही चिठ्ठी नव्हे. तक्रार कधीपासून, आपल्याकडे कितव्यांदा आला, काय सापडलं, बीपी-शुगर-रक्त पातळ करायचं औषध चालू आहे का, आणि शंका कशाची आहे, तो शब्द स्पष्ट लिहा. नातेवाईक म्हणतात, "त्यांना सांगू नका, खचतील." मी पेशंटला इतकंच सांगतो, "दादा, यात कॅन्सर नाही ना, एवढं बघून घ्यायचंय, आणि ते याच आठवड्यात बघायचंय." हे ऐकून फार कमी लोक खचलेले मी पाहिलेत. न सांगता पाठवलेले मात्र कापणी झाल्यावर जाऊ, लग्न झाल्यावर जाऊ म्हणत घरी बसलेले पाहिलेत. आणि त्याच वेळी आधार आणि रेशन कार्डावरचं नाव जुळतंय का ते विचारा. महात्मा फुले योजनेचं काम एका अक्षराच्या फरकाने अडू शकतं, आणि ते निदान होण्याआधी दुरुस्त करून ठेवलेलं बरं.

आता उपचारानंतरचं. साडीच्या दुकानाच्या पिशवीत चार किलोची फाइल घेऊन माणूस येतो आणि म्हणतो, "तिकडे सहा महिन्यांनी बोलावलंय, तोवर तुम्हीच बघा." आपल्याला वाटतं, हे आपलं काम नाही. इथे मात्र परदेशातलं संशोधन आपल्याला धीर देतं. ईव्हा ग्रुनफेल्ड यांनी १९९६ मध्ये इंग्लंडमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या २९६ बायकांचे दोन गट केले. एक हॉस्पिटलच्या देखरेखीखाली, एक आपापल्या जनरल प्रॅक्टिशनरच्या. तक्रार दाखवल्यापासून आजार उलटल्याचं, म्हणजे परत आल्याचं, पक्कं कळायला लागलेला वेळ दोन्हीकडे जवळजवळ सारखा: २१ आणि २२ दिवस. आजार उलटलेल्या बहुतेक बायकांना ठरलेल्या तपासणीत नव्हे, मधल्या काळात स्वतःलाच काहीतरी जाणवलं होतं; आणि हॉस्पिटलच्या गटातल्यासुद्धा जवळपास निम्म्या जणी ते दाखवायला आधी जनरल प्रॅक्टिशनरकडेच गेल्या होत्या. पुढे कॅनडात ९६८ पेशंटवर हाच प्रयोग झाला, २००६ मध्ये निकाल आला: आजार उलटल्याने झालेल्या गंभीर घटना दोन्हीकडे साडेतीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तारखेला कोण बोलावतं यापेक्षा, मधल्या दिवशी तक्रार घेऊन आल्यावर समोरचा डॉक्टर ती ओळखतो का, यावर सगळं आहे. आणि मधल्या दिवशी ती तुमच्याकडेच येणार आहे.

म्हणून पहिल्याच भेटीत अर्धा तास काढा. ती फाइल उघडून एका कार्डावर उतरवून घ्या: कुठला कॅन्सर, टप्पा, ऑपरेशनची तारीख, केमोची औषधं आणि किती वेळा, शेक (रेडिएशन) कुठे दिला, गोळी कुठली आणि किती वर्षं, पुढची तारीख. कार्ड पेशंटच्या पाकिटात. माझ्या एका पेशंटला आठ वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर होऊन गेला होता. सून गावी असताना ती कंबर दुखते म्हणून एका रविवारी आली. कार्ड पाहिलं, पायांचा जोर तपासला, उजवा पाय किंचित ढिला लागला. लघवीला अडतंय का विचारलं, तर "कालपासून" म्हणाली. त्याच रात्री गाडी करून पाठवलं. मणक्यात आजार उतरलेला होता. वेळेत शेक मिळाला म्हणून ती पुढे दीड वर्ष काठी घेऊन का होईना, चालत होती. कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाच्या पाठदुखीबरोबर पाय ढिले पडणं किंवा लघवी अडणं आलं, की सकाळची वाट बघायची नाही.

तसाच केमोनंतरचा ताप. केमो होऊन आठ-दहा दिवस झालेत आणि ताप १००.४ च्या वर गेलाय, तर तो व्हायरल नव्हे. पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवलेला पेशंट रात्रीत जाऊ शकतो. सीबीसी लगेच, आणि शिरेतून अँटिबायोटिक मिळेल अशा ठिकाणी ताबडतोब. माझ्या प्रत्येक केमोच्या पेशंटच्या घरी थर्मामीटर असतो आणि माझा नंबर कॅलेंडरवर लिहिलेला असतो.

बाकी गोष्टी कार्डावरून आठवत राहतात. मानेला शेक मिळालेल्याचा दात दुखला तर जवळच्या दंतवैद्याने परस्पर उपटू नये. जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो, आधी शेक दिलेल्या डॉक्टरांना विचारायचं. त्याच माणसाचं वर्षाकाठी एक-दोनदा टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी बघा, मानेच्या शेकाने थायरॉइड मंदावतं. टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरची गोळी घेणारीला उदास वाटतं म्हणून पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन लिहू नका, त्यांनी टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होऊ शकतो; आणि तिला पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला तर सोनोग्राफी. आतड्याच्या कॅन्सरनंतर सीईए ही रक्ताची चाचणी गावात होते. ब्रिटनमधल्या १२०२ पेशंटच्या अभ्यासात अशा देखरेखीने पुन्हा ऑपरेशन करून बरं होण्याजोगा आजार जास्त जणांत सापडला, जगण्याच्या वर्षांत मात्र ठळक फरक दिसला नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तक्रार नसताना दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन आणि ट्यूमर मार्कर (कॅन्सरच्या खुणा शोधणाऱ्या रक्तचाचण्या) करवून घेऊ नका. वर्षाला मॅमोग्राफी आणि नीट तपासणी पुरते. त्या पैशात पेशंटचं वर्षाचं औषध येतं.

शेवटी तुम्ही विचारलं नाहीत, पण सुचवतो. तुमच्याकडे वर्षाला कॅन्सरचे मोजकेच नवे पेशंट निघतील. प्रत्येकाच्या पाच तारखा लिहून ठेवा: त्याला पहिल्यांदा त्रास जाणवला ती, तुमच्याकडे पहिल्यांदा आला ती, तुम्ही पुढे पाठवलं ती, निदान झालं ती, आणि उपचार सुरू झाले ती. उशीर कसा मोजायचा याबद्दल २०१२ मध्ये आरहूसच्या नावाने जगभरच्या संशोधकांनी जे ठरवलं, त्याचा गाभा याच तारखा आहेत. माझ्या वहीतल्या पेशंटबद्दल मला वाटत होतं की उशीर बाईच्या लाजण्यात असेल, पैशात असेल. तारखा मांडल्यावर दिसलं, की माझ्याकडे पहिल्यांदा आल्यापासून मी पाठवेपर्यंतचा काळ माझ्या अंदाजापेक्षा लांब होता, आणि बायोप्सी झाल्यापासून रिपोर्ट हातात घेऊन पेशंट योग्य ठिकाणी पोचेपर्यंतचा त्याहून लांब. तेव्हापासून बायोप्सीचा रिपोर्ट आणायला मी पेशंटला पाठवत नाही, लॅबला स्वतः फोन करतो. गेल्या महिन्यात उशिरा सापडलेल्या त्या पेशंटच्या तारखांपासूनच सुरुवात करा. त्या तुम्हाला पाठ असतील.